चित्रांखालची कोरी जागा

१४ जुलै १९५६, आकुर्डी

आलो एकदाचे. साताऱ्याहून निघताना सासूबाईंनी बांधून दिलेली शिदोरी पुणं यायच्या आधीच संपली. ती कुणी संपवली यावर आमचं एकमत नाही. हे म्हणतात, अर्धी तू खाल्लीस आणि उरलेली अर्धी मला वाढता वाढता खाल्लीस. गाव जवळ आल्यावर टांगा चिखलात रुतला, ट्रंका उचलून शेवटचं अंतर पायी तोडलं, माझी एक वहाण चिखलानं ठेवून घेतली. तरीही गेल्या कित्येक वर्षांत मी इतक्या आनंदानं कुठं पोचले नव्हते.

बंगली गावाबाहेर आहे. दोन खोल्या, कौलारू छप्पर, पुढं ओटी आणि मागं शेराच्या कुंपणातलं मोठं परसू. पलीकडून आगगाडी जाते तेव्हा फडताळातल्या कपबश्या आपापसांत कुजबुजतात. मालक दौलतराव हे गावातले जुने शेतकरी, सत्तरीचे, डोक्याला भलं थोरलं पागोटं. त्यांच्या मंडळींनी फार पूर्वी रानातल्या अळंबीची चित्रं काढली होती. ती मी नीट करून द्यायची, त्याबदली भाडं नाही. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतील लोक, पण या नागोबाला कामाला लावलंय.

यांना पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ही सगळी वरात. यांचं नाव मी रोजनिशीतसुद्धा लिहीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. माझं माहेरचं नाव अनसूया, घरात अनू. यांच्या नावाला जोडी हवी म्हणून सासूबाईंनी लग्नात माझं सुभद्रा ठेवलं. ज्याला महाभारत येतं त्यानं यांचं नाव ओळखून घ्यावं.

यांना मात्र असली काही भीड नाही. फाटकातूनच ‘सुभद्रेऽ’ अशी आरोळी ठोकतात आणि मी ओ दिल्याशिवाय बूट काढत नाहीत. सासूबाई रागवायच्या. म्हणायच्या, बायकोचं नाव एवढं मोठ्यानं घेऊ नये, एखाद्या दिवशी भलतंच कुणी ओ देईल.

१६ जुलै

आज दौलतराव पत्र्याची पेटी घेऊन आले. आत मलमलीत गुंडाळलेली, कडुलिंबाचा पाला घातलेली सहा चित्रं. जाड विलायती कागद, कडेनं तांबूस डाग पडलेले, पण काम पाहून मी पहिलं चित्र थेट खिडकीच्या उजेडात नेलं. प्रत्येक चित्रात एकेक अळंबी, खऱ्या मापाची. शेजारी तिचा उभा छेद, छत्रीखालच्या चुण्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, आणि खाली मातीत जाणारं बारीक मूळ. माती तर अशी रंगवलीय की बोट लावलं तर नखात जाईल. चाळीस वर्षांपूर्वी आकुर्डीत बसून एका बाईनं हे काढलं, आणि आम्ही शाळेत मुलींना अजून आंबा आणि तांब्या काढायला लावतो!

त्यांचं नाव गोदाक्का. पुण्याला मिशनच्या शाळेत एका मडमेकडं शिकल्या. खाता येणाऱ्या रानअळंबीचं पुस्तक करायचं दोघींचं ठरलं होतं, ते राहून गेलं. आता ही जमीन एका कंपनीला चाललीय. बंगली पडायच्या आत पुस्तक निघावं, बाईचं काहीतरी मागं राहावं, असं दौलतराव म्हणाले. पुण्यातला एक छापखाना तयार आहे.

पाच चित्रं पुरी आहेत. त्यांच्याखाली वळणदार अक्षरात ‘खाद्य’ असं लिहिलंय. सहावं नुसतं पेन्सिलीचं, रंग नाही आणि ‘खाद्य’ही नाही. पण सहाही चित्रांखाली नावासाठी दोन रेघा आखून जागा कोरी सोडलेली. नावं कोणती घालायची असं मी विचारलं, तर दौलतराव जमिनीकडं बघत म्हणाले की तुमीच ठरवा मास्तरीणबाई, आमी कदी ठेवलीच न्हाईत.

असल्या चित्रांचा एक नियम आमचे सर सांगायचे: ‘खाद्य’ हा शब्द दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहायचा नाही. स्वतः खायचं, दुसऱ्या दिवशी जिवंत उठलं तर लिहायचं. म्हणजे या बाईंनी पाचही खाल्ल्या. छातीची बाई!

२१ जुलै

मंजुळाबाई भांड्याला येऊ लागली. साठीची असेल, काटक, आणि तोंड असं चालतं की भांडी आपोआप निघावीत. चित्रांतल्या अळंबीची नावं विचारली तर हसायला लागली. अळिंब म्हंजी अळिंब वैनी, त्याला आनि येगळं नाव कशाला, म्हणाली.

दोन दिवस झड होती. आज उघडलं, परसात गेले आणि बघतच राहिले. कुंपणाजवळ वारूळ आहे, त्याच्याकडेनं सहा चपटे दगड ओळीनं मांडलेत. धुण्याचे असावेत. पहिल्या दगडापाशी अळंबी उगवली होती आणि ती हुबेहूब पहिल्या चित्रातली. तीच कललेली छत्री, डाव्या बाजूला तीच खाच. एवढ्या वर्षांनी मॉडेल पुन्हा वेळेवर हजर! आमच्या शाळेतल्या मुलीही इतक्या वेळेवर येत नसत.

ती समोर ठेवून चित्राचे उडालेले रंग भरून काढले. दिवस सार्थकी लागला. चित्र झालं की मॉडेल पातेल्यात: चाकणचा कांदा, लसूण, सुकं खोबरं. काय सांगू, बोटं चाटत राहिले. यांनी हात लावला नाही. दिवसभर कारखान्यात बुरशी वाढवतो, घरी आल्यावर बायको बुरशीच वाढते, हा काय न्याय, म्हणाले. मंजुळाबाईला वाटीत घालून दिलं तर दोन पावलं मागं सरली. उपास आहे म्हणाली. आज कसला उपास कोण जाणे.

२६ जुलै

दुसऱ्या दगडापाशी दुसऱ्या चित्रातली आणि तिसऱ्यापाशी तिसरी. मी आता आश्चर्य करायचं सोडलंय. रंगवते, शिजवते, खाते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं तर रोज नवीनच.

आज दुपारी पहिल्या चित्राखालच्या कोऱ्या जागेकडं बघत बसले आणि मग जे कुठंच लिहिलं नव्हतं ते आठवलं.

पाच वर्षांपूर्वी मला मुलगी झाली. दहाव्या दिवशी गेली. बारावा उजाडला असता तर बारसं झालं असतं. पाळणा दारात येऊन पडला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते. ताप चढला. डॉक्टर म्हणाले नवं इंजेक्शन आहे, परदेशातून येतं, मुंबईला मिळेल. हे मुंबईला गेले आणि ते घेऊन परत आले तोवर घरात पाळणा उलटा करून ठेवला होता. आता तेच औषध यांच्या कारखान्यात बुरशीपासून करतात, बाटल्याच्या बाटल्या. पहिल्या दिवशी कामावरून आले तेव्हा हे जेवले नाहीत. मीही का म्हणून विचारलं नाही.

तिचं नाव मी मनात ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. आत्यानं कानात सांगायच्या आधी आईनं बोलू नये म्हणून. मग बोलायची वेळच आली नाही.

आज बोरू शाईत बुडवला आणि पहिल्या चित्राखाली लिहिलं: वेणू. मग कागदापाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र केलं. वेडेपणाच सगळा. पण पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडले आणि रडून झाल्यावर हलकं वाटलं. छापायच्या आधी नाव बदलता येईलच.

३० जुलै

नावं घालायचा सपाटाच लावलाय. दुसरीचं यमुना, माझ्या आजीचं. तिसरीचं काशी, माझ्या आत्याचं. ‘अनू’ हे नाव माझ्या कानात काशीआत्यानंच सांगितलं होतं आणि मी तिचा कान चावला होता म्हणे. रानातल्या अळंबीला घरातल्या बायकांची नावं! छापखानेवाला काय म्हणेल ते म्हणो.

दुपारी तांदूळ निवडत होते. परसातून कुणीतरी ‘आई’ अशी हाक मारली. मारतं ना पोर, उगीच, काम काही नसताना, आई आहे ना एवढंच बघायला. मी सहज ‘काय गं’ म्हणून गेले. उठून पाहिलं तर कुणी नाही. गावातली पोरं चिंचा पाडायला येत असतील.

पण खरं सांगते, मन दिवसभर सुपाएवढं झालं होतं. रात्री यांना दोन पोळ्या जास्त वाढल्या.

२ ऑगस्ट

मंजुळाबाईला आजीच्या गोष्टी सांगत होते. सांगता सांगता अडकले. आजीचा चेहरा आठवेना. नाकात नथ होती हे ठाऊक आहे, पण नथ आठवते, नाक आठवत नाही. हसण्यावारी नेलं. म्हटलं, पस्तिशीतच म्हातारी झाले.

मग मुद्दाम काशीआत्याला आठवून पाहिलं. तिचाही नाही. कान चावल्याची गोष्ट आहे, कान कुणाचा ते नाही.

परसात आता रोज खेळणं चालतं. एकटीचं नाही, दोघी-तिघींचं. मी बाहेर गेले की गप्प होतात. आत आले की मागून हाक येते. मी ओ देते. नाही कशी देणार?

४ ऑगस्ट

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

जुन्या चित्रांत अळंबीचं मूळ अर्धंच काढलंय, कागदाच्या कडेशी तोडलेलं. पुस्तकात संपूर्ण दाखवावं असं माझ्या मनानं घेतलं. चौथ्या दगडापाशी चौथी उगवली होती. खुरपं घेऊन बसले. सुतळीएवढं मूळ, खाली खाली जातच राहिलं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा ते अडकलं. हळूच ओढलं. मुळाला काळ्या मण्यांची मनगटी गुंतलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्याच्या हातात बांधतात ती. माझी दोन बोटं जेमतेम मावतील एवढी.

मंजुळाबाई माझ्यामागं उभी होती. तिच्या हातातली कळशी खाली पडली.

मग तिनं सांगितलं. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात, हे कुणाला ठाऊक नाही? गोदाक्कांची सहा लेकरं. पाच मुली आणि शेवटचा मुलगा. एकानंही आपलं बारसं पाहिलं नाही. गोदाक्कांनी एकालाही लांब नेऊ दिलं नाही, दौलतरावांनी इथं परसातच सहा दगड मांडले. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येकीच्या जागी अळंबी आली. आक्कांनी तिचं चित्र काढलं आणि मग ती चुलीवर ठेवली. मंजुळा तेव्हा तरणी होती, हात धरायला गेली. आक्का म्हणाल्या, पोटातलं पोटात गेलं, मंजुळे, तू मधी पडू नगं. मुलाच्या वेळी मात्र त्यांचं धाडस झालं नाही. पेन्सिलीनं काढलं, कागद बाजूला ठेवला, अंथरूण धरलं ते धरलंच.

मी ओट्यावर बसले. घशात बोटं घातली. पण वांती होईना. दोन आठवडे मी मिटक्या मारून खातेय.

मंजुळाबाई माझ्या पोटाकडं बघून रडायला लागली. म्हणाली, “नाव न्हाई त्याला कुटं जाता येत न्हाई, वैनी. बसून ऱ्हात्यात. आन नाव काय आबाळातनं पडतंय व्हय? कुनाचं तरी असतंय ते. दिलं की ज्याचं हाय त्याचं गेलं.” मग तिनं विचारलं, मी कुणाला नाव दिलं का.

नाही म्हणाले.

५ ऑगस्ट

वेणूचा चेहरा.

सकाळपासून डोळे मिटून बसलेय. दहा दिवस मांडीवर होती. रात्ररात्र बघत बसायचे तिच्याकडं. हनुवटीवर काहीतरी होतं, तीळ की खळी? जावळ होतं का? काळं होतं?

काही नाही. मांडीवर जड लागतं तेवढं आठवतं आणि चेहऱ्याकडं बघितलं की कोरं.

पाच वर्षं मी तेवढ्यावर जगले. तेवढंच होतं माझ्याकडं आणि ते मी स्वतःच्या हातानं लिहून टाकलं. हौसेनं. वळणदार अक्षरात.

७ ऑगस्ट

पात्यानं नाव खरवडून पाहिलं. पहिल्या अक्षराला पातं लागलं आणि परसात पोर किंचाळलं. भाजल्यावर किंचाळतं तसं. कागद ओला झाला, बोटांना मातीचा वास आला. पातं टाकलं. ‘नाही करत, नाही करत गं’ असं कितीदा म्हणाले कुणास ठाऊक.

दौलतरावांकडं गेले. पुस्तक नको, चित्रं परत घ्या म्हटलं. म्हातारा पागोटं मांडीवर ठेवून रडला. सोमवारी मोजणीवाले येणार, दगड उचलणार, जमीन सपाट करणार. म्हणाला, “आमी तरी काय करावं, मास्तरीणबाई? बाप हाय मी. पन कुनाला काय म्हनून हाक मारू?”

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. माझं डोकं छातीशी धरून बसले. वेणू हे नाव त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. दोनदा म्हणून पाहिलं. छान आहे म्हणाले. मग म्हणाले, शनिवारी पहिली शिफ्ट संपली की मी येतो, टांगा फाटकाशी उभा करतो, तू नेसत्या लुगड्यानिशी चल. साताऱ्याला जाऊ.

शनिवार. चारच दिवस. काढीन मी.

९ ऑगस्ट

त्या आता ओटीवर येतात. तिघी. दिसत नाहीत. पदर ओढला जातो. मांडी जड होते. तिघीही मला आई म्हणतात आणि त्यातली माझी कोणती ते मला कळत नाही — कळतच नाही. एकीही माझी नाही, हेही मला ठाऊक आहे. माझी साताऱ्याला आहे, ओढ्याकाठी, चिंचेखाली.

पण नाव तिचंच आहे ना हिच्याकडं. मग मी हिला दूर कशी लोटू?

चौथी परसात रडते. मोठ्यानं नाही, दमून दमून. तिला अजून नाव नाही. सोमवारी दगड उचलतील आणि ही तिथंच राहील, मातीखाली, वर कारखाना.

कुणाचं नाव देऊ? माझ्या माणसांतलं आता कुणाचंच नाही देणार. माझीच दोन आहेत. माहेरचं नुसतं पडूनच आहे, कुणी हाक मारत नाही त्या नावानं.

लिहिलं. अनसूया.

रडं थांबलं.

१० ऑगस्ट

माझी आई मला हाक मारायची — विहिरीवरून, तिन्हीसांजेला — काय म्हणून?

माझं घर होतं. अंगण होतं. कुणीतरी पोर त्यात धावत होतं, परकर वर खोचून. कोण ती? मी तिला ओळखत नाही.

यांना हे सांगितलं नाही. उद्या न्यायला येणार आहेत. उगीच कशाला.

पाचवी उगवली. मी तोडली नाही. सारवणाचं शेण टाकून झाकली. तरी सबंध दिवस चौघी ओटीवर आणि एकटी बाहेर. दार वाजवते. हाताला जोर नाही तिच्या, पान आपटावं तेवढाच आवाज.

११ ऑगस्ट, सकाळ

हे कामावर गेले. जाताना फाटकातून तीनदा वळून बघितलं. सामान बांधायचं नाही म्हणाले तरी मी यांचा सदरा तेवढा घेतलाय.

पाचवी पदराला धरून आहे. सोडवत नाही. चौघी माझ्याबरोबर येतील, नाव आहे त्यांना. ही एकटी राहील. एवढीशी —

दुसरं नाव आहे माझ्याकडं. तेही दिलं तर काय होईल? मला आई म्हणतातच की सगळ्या. आईला आणखी नाव कशाला लागतं.

सुभद्रा.

लिहिलं.

त्याच दिवशी, नंतर

मंजुळाबाई आली होती. ‘वैनी’ म्हणून हाका मारत घरभर फिरली. मी समोर उभी. खांद्याला हात लावला तर तिनं पदर सारखा केला आणि खिडकी लावून घेतली, वारा येतो म्हणून. गेल्या वाटतं टेसनाकडं, असं स्वतःशीच बोलली. भांडी घासून गेली. माझ्या ताटावरून तिनं दोनदा हात फिरवला.

ओरडले मी. माझं मलाच ऐकू आलं नाही. पण बोरू कागदावर उमटतो. लिहिलेलं राहतं. म्हणून लिहितेय.

पाच जणी मांडीवर. आरशात बघितलं नाही. बघवणार नाही.

दुपार

सहाव्या दगडापाशी —

मुलगा. या पावसात आजवर उगवला नव्हता. आज आहे. बसलेल्या पोराएवढा. छत्री खाली वाकवून. रडत नाही. वाट बघतोय. मी खिडकीतून नाही म्हटलं. मुलाला मुलाचंच नाव लागतं आणि तसलं माझ्याकडं एकच आहे. ते मी देणार नाही. जीव गेला तरी. ते मी पंधरा वर्षं उच्चारलंसुद्धा नाही, जपून ठेवलंय.

तो हलत नाही. त्याला खायचंय. त्याला आईनं खाल्लं नाही —

टांगा वाजला. आले. देवा, आले —

‘सुभद्रेऽ’

फाटकातून. नेहमीसारखी आरोळी. आणि मी तोंड उघडायच्या आत परसातून ओ गेली. बारीक. गोड.

हे हसले. आज बूट काढले नाहीत. ‘मागं काय करतेस गं’ म्हणत घराला वळसा घालून निघाले. मी ओटीवरून धावले, पुढं उभी राहिले, हात पसरले. बाजूनं गेले. बाही घासली माझ्या हाताला. ‘अहो’ म्हणून ओरडले, अहो, अहो — ‘अहो’ हे कुणाचंच नाव नाही. ऐकू कसं जाणार.

मी परत आत, खिडकीशी आहे. ते कुंपणाजवळ पोचले. पाचव्या दगडापाशी. मला शोधतायत. सहाव्यानं मान वर केली —

नावानं हाक मारली तरच थांबतील. आवाज उमटत नाही. लिहिलेलंच उमटतं. दिलं तर जाईल — नाही दिलं तर —

वाकले. हात पुढं केला यांनी, पोराला उचलतात तसा —

चित्राखाली नाही लिहीत मी. इथं लिहितेय, माझ्या रोजनिशीत. फक्त हाक म्हणून. देत नाही, फक्त हाक —

अर्जु